करवलीचा मेकअप: गोल चेहरा, सावळा रंग, मुहूर्त दुपारचा. कॉन्टूर नेमकं कुठे करू?

गोदाकाठ

नमस्कार मैत्रिणींनो, धाकट्या बहिणीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात, इथेच नाशिकला. मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा आणि मी करवली. नवरीसाठी आर्टिस्ट ठरलीये पण माझा मेकअप मी घरीच करणारे, कारण त्या दिवशी पहाटेपासून माझ्यामागे शंभर कामं असणार आणि दीड तास खुर्चीत बसून राहणं मला शक्यच नाही. बाकी सगळं येतं मला, फाउंडेशन, आयलायनर वगैरे रोजच्या सवयीचं आहे, अडलंय ते कॉन्टूर (गडद रंगाने सावली दाखवणं) आणि हायलाइट (उंचवटे उजळ करणं) यांच्यापाशी.

मागच्या आठवड्यात एका पार्लरमध्ये ट्रायल घेऊन बघितली. त्यांनी दोन्ही गालांवर कानापासून पार ओठांच्या कोपऱ्यापर्यंत तपकिरी पट्टे ओढले, कपाळाच्या कडेला पण, नाकाच्या दोन्ही बाजूंना पण, आणि मग स्पंजने पसरवलं. आतल्या लाइटमध्ये फोटो मस्त आला म्हणून मी खूश. घरी आले तर आई अंगणात तुळशीला पाणी घालत होती, माझ्याकडे बघून म्हणाली "गालाला काय लागलंय गं, काजळी पुसलीस का हाताने?" इतकं वाईट वाटलं ना. मग खिडकीपाशी आरसा घेऊन बघितलं तर खरंच दोन राखाडी डाग दिसत होते, आणि कपाळावर घाम आला होता तिथला तर रंग ओघळला होता.

त्यानंतर मी स्वतःच वाचायला सुरुवात केली. सगळीकडे तेच चेहऱ्यांच्या आकारांचे तक्ते, गोल असेल तर इंग्रजी तीनचा आकार काढा, चौकोनी असेल तर अमुक, लांबट असेल तर तमुक. शिवणाच्या टेपने चेहरा मोजला, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत १८ सेंमी आला आणि या गालापासून त्या गालापर्यंत १७, म्हणजे गोलच ना? गाल भरलेले आहेत, हनुवटीखाली थोडं सुटलंय. रंग सावळा, उन्हात अजून गडद होतो. सहा शेड्सची क्रीमची पॅलेट घेऊन ठेवलीये पण त्यातल्या तीन तर मला ओळखूच येत नाहीत कशासाठी आहेत.

तर विचारायचं होतं की तीनचा आकार नेमका कुठून सुरू करून कुठे थांबवायचा, क्रीम घ्यायचं की पावडर, कोणती शेड, आणि दुपारच्या उजेडात हे सगळं चांगलं दिसतं का मुळात? नऊवारी, अंबाडा, गजरा, नथ असं सगळं असणारे.

अबोली

अगं सगळ्यात आधी तो टेप बाजूला ठेव. शिवणाचा टेप चेहऱ्यावर टेकवून मोजलास ना, तर तो गालावरून वळसा घेऊन जातो, म्हणजे तू रुंदी नाही मोजलीस, गालाचा घेर मोजलास. त्याने सगळेच चेहरे गोल निघतात! केस घट्ट मागे बांध, कोणाला तरी पाच-सहा फूट लांब उभं करून खिडकीच्या उजेडात समोरून फोटो काढून घे (सेल्फी नको), आणि त्या फोटोवर पट्टीने मोज. चार मापं घ्यायची, लांबी, कपाळाची रुंदी, गालाच्या हाडांपाशी रुंदी आणि जबड्याची रुंदी. आकडे महत्त्वाचे नाहीत, एकमेकांच्या तुलनेत काय मोठं काय लहान ते बघायचं. आणि जबड्याचा कोपरा बोटाने चाचपून बघ, कानाच्या पाळीखालून हाड सरळ खाली येऊन वळतं तिथे. तो कोपरा टणक आणि ठसठशीत लागला तर गाल कितीही भरलेले असोत, चेहरा गोल नाही, चौकोनी आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली "माझा गोल आहे" म्हणून येतात आणि हात लावल्यावर कळतं की हाड चौकोनी आहे, वर फक्त मांस आहे.

मी सांगलीत नवरीचे मेकअप करते, नऊ वर्षं झाली. तक्ता मी कोणाच्या चेहऱ्यावर लावत नाही, हाड शोधते. तू पण तेच कर. कानाच्या भोकापुढे जो छोटा कडक उंचवटा असतो, तिथे अंगठा ठेव आणि नाकाच्या दिशेने दाबत दाबत पुढे ये. वरच्या बाजूला हाड लागतं, खालच्या बाजूला बोट आत जातं. रंग लावायचा तो त्या हाडाच्या खालच्या कडेवर, खड्ड्यात नाही. पार्लरवाल्यांनी तुझ्या खड्ड्यात लावला आणि वर ओठांपर्यंत आणला, म्हणून तो डाग दिसला. खड्ड्यात लावलेला रंग चेहरा खाली ओढतो, माणूस आजारी दिसतं.

आणि गाल आत ओढून तोंडाचा चंबू करायचा आणि मग खळगा पडेल तिथे लावायचं असं सगळीकडे सांगतात ते करू नकोस. चंबू केला की चामडी सरकते, सोडला की रंग भलत्याच ठिकाणी असतो. चेहरा सैल ठेव, ओठ मिटलेले, दात सुटे.

कुठे थांबायचं म्हणतेस तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून मनात एक सरळ रेघ खाली सोड, त्या रेघेच्या पुढे नाकाकडे कॉन्टूर जाता कामा नये. सगळ्यात गडद कानापाशी, केसांच्या कडेला, आणि पुढे येता येता विरत जाऊन रेघेच्या आधीच संपलं पाहिजे. ब्रश पहिल्यांदा जिथे टेकतो तिथे सगळ्यात जास्त रंग सुटतो, म्हणून पहिला हात कानापाशीच टेकवायचा, गालाच्या मध्यावर नाही. आणि ब्लेंड वरच्या दिशेने, कधीच खाली नाही.

तीनचा आकार म्हणजे कानशिलापासून कपाळाच्या कडेने येऊन गालाच्या हाडाखाली एक आत वळसा आणि मग परत बाहेर जाऊन जबड्याच्या कडेने दुसरा. खऱ्या गोल चेहऱ्याला तो बरोबर आहे कारण दोन्ही बाजू आत गेल्यासारख्या दिसल्या की मधला भाग उभा दिसतो. त्याच्या जोडीला हायलाइट पण उभं ठेवायचं, कपाळाच्या मध्यावर, नाकाच्या दांड्यावर बारीक, हनुवटीच्या मध्यावर. गालावर आडवं चकाकतं काही लावलं की सगळी मेहनत वाया.

पण तू चौकोनी निघालीस तर मग तीन नको. चार कोपरे मऊ करायचे, कपाळाचे वरचे दोन आणि जबड्याचे दोन, बस. गालाखाली अगदी नावाला. जबड्याच्या कोपऱ्यावर लावलेला रंग खाली मानेपर्यंत नेऊन पुसट करायचा, नाहीतर चेहऱ्याचा मुखवटा आणि मान वेगळी असं होतं, आणि तुझा तर अंबाडा आहे, मान, कान, मागचं सगळं उघडं दिसणार. कानाच्या पाळीला सुद्धा ब्रशवर उरलेलं फाउंडेशन फिरव, फोटोत कान लाल किंवा गडद दिसतात ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

हनुवटीखालचं सुटलंय म्हणतेस त्याला हाडाच्या आतल्या बाजूने, म्हणजे खालून, एकच हलका हात. वरच्या बाजूला रंग आला की दाढी आल्यासारखं दिसतं.

क्रीम की पावडर, तर दुपारी आणि घामात मी थोडं क्रीम आधी, त्यावर पावडर, आणि मग त्याच जागी त्याच रंगाची पावडर चिमूटभर असं करते. क्रीम नेहमी पावडरच्या आधी. पावडर लावल्यावर क्रीम ओढलंस तर गोळे होतात आणि खालचं पण उचललं जातं.

साताऱ्याची_लेक

शेडबद्दल मी सांगते कारण मी पण सावळी आहे आणि तीन वर्षं चुकीच्या शेडवर पैसे घातलेत.

तुझ्या आईला काजळी दिसली ना, ती बहुतेक राखाडी झाक असलेली शेड असणार. कॉन्टूरची शेड थंड पाहिजे, राखाडी पाहिजे असं जिथे तिथे लिहिलेलं असतं, ते गोऱ्या त्वचेसाठी ठीक आहे, त्यांची सावली तशी पडते. आपल्या रंगावर राखाडी लावलं की राख फासल्यासारखं होतं. आपली सावली बघायची असेल तर खिडकीपाशी उभी राहा आणि हनुवटीखाली मानेवर जी सावली पडते तिचा रंग बघ. तो गडद चॉकलेटी असतो, किंचित लालसर किंवा ऑलिव्ह. तीच तुझी शेड. पॅलेट नसेल तर आपल्या फाउंडेशनपेक्षा दोन शेड गडद मॅट फाउंडेशन घेतलं तरी काम होतं, मी तेच वापरते आता.

मॅट मात्र हवंच. सावली कधी चमकते का? ब्रॉन्झर म्हणून मिळतं ते केशरी आणि चमकीवालं असतं, ते ऊन लागल्यासारखं दिसावं म्हणून वापरतात, त्याने खळगा दिसणार नाही, गाल फक्त भाजल्यासारखा दिसेल. तुझ्या पॅलेटमधल्या न ओळखू आलेल्या तीन शेड्सपैकी एखादी नक्की ब्रॉन्झर असेल, एखादी पिवळट असेल ती डोळ्याखाली वगैरे उजळ करायला.

हायलाइटरचं पण तेच. मोतिया, शॅम्पेन, चंदेरी रंग आपल्या गालावर पांढुरके पडतात, बर्फ लावल्यासारखे. सोनेरी, तांबूस सोनेरी, ब्रॉन्झ यातलं घे. हाताच्या मागच्या बाजूला लावून उन्हात बघायचं, पांढरी पावडर दिसली तर ती आपली नाही. आणि गालाच्या सगळ्यात उंच जागी, म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली, बोटाच्या टोकाने थापायचं, ब्रशने नाही. माझ्या गालावर पिंपल्सचे खड्डे आहेत, तिथे चमक लागली की खड्डा दुप्पट दिसतो, म्हणून मी गालावर लावतच नाही, फक्त भुवईच्या हाडाखाली आणि वरच्या ओठाच्या मध्यावर लावते. तुझी त्वचा कशी आहे त्यावर बघ, हायलाइट लावायलाच पाहिजे असं काही नाही.

रंगपेटी

ताई, मी बायकांच्या मेकअपमधला नाही, हौशी नाटकांना रंगभूषा करतो, राज्य नाट्य स्पर्धेला दरवर्षी आमच्या संस्थेचं नाटक असतं तिथे. पण कॉन्टूर म्हणतात ते आमच्याकडे शेडिंग म्हणून फार आधीपासून आहे म्हणून लिहितो.

रंगमंचावर समोरून इतका उजेड येतो की चेहऱ्यावरच्या नैसर्गिक सावल्या धुऊन निघतात. नाक, गाल, डोळ्यांच्या खाचा सगळं सपाट होतं आणि दहाव्या रांगेतल्या माणसाला नुसती एक थाळी दिसते. म्हणून आम्ही गेलेल्या सावल्या ब्राउनने परत काढतो आणि उंचवट्यांवर फिकट रंग देतो. जुन्या थिएटरांत तर दिव्यांची ओळ रंगमंचाच्या पुढच्या काठाला, नटाच्या पायापाशी असायची, म्हणजे उजेड खालून वर, सावल्या सगळ्या उलट्या. तेव्हाच्या रंगभूषाकारांना नाकाखाली आणि हनुवटीखाली जिथे एरवी अंधार असतो तिथेच उजेड पडतोय हे धरून रंग लावावा लागायचा. सिनेमा आला तेव्हा नाटकाचं जाड ग्रीसपेंट, म्हणजे चेहऱ्याला लावायचा तेलकट रंग, कॅमेऱ्यात तडकलेलं दिसायला लागलं म्हणून मॅक्स फॅक्टर या रंगभूषाकाराने १९१४ साली सिनेमासाठी पातळ ग्रीसपेंट काढलं. जसा उजेड आणि जेवढं अंतर, तसा रंग, हे तेव्हापासून आहे.

आता तुमच्या लग्नाचं बघा. दुपारी १२ चा मुहूर्त, हॉलच्या खिडक्यांतून किंवा मंडपातून वरून उजेड येणार. वरून उजेड आला की गालाच्या हाडाखाली, हनुवटीखाली, भुवईखाली सावली आपोआप पडतेच. तुम्ही तिथे रंगाची अजून एक सावली घातली तर दोन सावल्या होतात, आणि तो पाहुणा तुमच्यापासून दोन हातांवर उभा आहे, दहाव्या रांगेत नाही. म्हणून पार्लरमध्ये जेवढं लावलं होतं त्याच्या एक चतुर्थांश लावा. पार्लरच्या आरशाभोवती दिवे असतात, ते समोरून पडतात, तिथे ते बरोबरच दिसणार होतं, त्यात तुमची फसगत झाली.

आणखी एक. आम्ही पंचवीस वर्षांच्या मुलाला सत्तरीचा म्हातारा करतो तेव्हा पहिलं काम काय करतो, तर गालाच्या हाडाखालच्या खळग्यात ब्राउन भरतो आणि नाकापासून ओठांपर्यंतची घडी गडद करून तिच्या कडेला फिकट रंगाची रेघ देतो. म्हणजे अबोली ताई म्हणतात तसं खळग्यात लावलेला कॉन्टूर हा शब्दशः म्हातारा करायचा मेकअप आहे. तुमच्या पट्ट्याचा शेवट ओठांच्या कोपऱ्याशी होता म्हणता, तो त्या घडीला जाऊन मिळाला असणार.

सेल्फीवरून चेहरा ठरवू नका हेही त्यांनी बरोबर सांगितलं. २०१८ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं होतं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. लोक ते बघून नाकाच्या दोन्ही बाजूंना रेघा ओढत बसतात. समोरच्या माणसाला तुमचं नाक तसं दिसतच नाही.

चिंचपोकळी

मी इथे उलटं विचारू का, नवीन धागा काढत नाही. माझा चेहरा लांबट आहे, कपाळ मोठं, हनुवटी पण लांब. ऑफिसच्या पार्टीला एका मैत्रिणीने मला तोच तीन काढून दिला आणि मी अजूनच लांब दिसायला लागले, सगळे विचारत होते बारीक झालीस का, बरं नाहीये का.

अबोली

@चिंचपोकळी हो ना, होणारच. लांबट चेहऱ्याच्या बाजूंना हात लावायचाच नाही. तुला कापायचंय ते वरून आणि खालून. केसांच्या रेषेला लागून कपाळाच्या वरच्या कडेला आडवा हात, केसांच्या आत नेऊन पुसायचा, आणि हनुवटीच्या टोकाला खालच्या बाजूने. गालावर कॉन्टूरच्या ऐवजी ब्लश, तो पण तिरका वर चढवायचा नाही, हसल्यावर गाल जिथे फुगतो तिथून आडवा कानाकडे. आडवी रेघ दिसली की डोळा तिथे थांबतो आणि लांबी कळत नाही. हायलाइट गालाच्या बाहेरच्या बाजूला दे, नाकाच्या दांड्यावर अजिबात नको, कपाळाच्या मध्यावर पण नको. आणि खरं सांगू, मोठं कपाळ असेल तर टिकली थोडी मोठी लाव, किंवा चंद्रकोर, कॉन्टूरपेक्षा जास्त काम करते ती. कपाळाचे दोन भाग होतात ना.

विड्याच्या पानासारखा चेहरा असेल, वर रुंद आणि हनुवटीला निमुळता, तर कानशिलांना दोन्हीकडे हलकं शेडिंग आणि जबड्याच्या कडेला उजळ, टोकदार हनुवटीला किंचित ब्राउन. गालाची हाडं खूप बाहेर आलेली आणि वर खाली निमुळतं असेल तर हाडाच्या बाहेरच्या टोकालाच शेड. लंबगोल चेहरा असेल तर सुखी राहा, गालाखाली एक हात फिरवला की झालं.

कोकणकडा

माझं थोडं वेगळं मत आहे, राग नसावा. मी मालवणची, आमच्याकडे लग्नं मे महिन्यात, हवेत इतका दमटपणा की फाउंडेशनच टिकत नाही तर कॉन्टूर कुठलं टिकायला. मी तरी गोल चेहऱ्याला फक्त ब्लश वर चढवून लावते, गालाच्या हाडावरून कानशिलाकडे, आणि भुवईचा कमान थोडा उंच काढते. चेहरा उचलला जातो, आणि ब्लश थोडा ओघळला तरी माणूस लाजल्यासारखं दिसतं, ब्राउन ओघळला तर मळकट दिसतं. दुपारच्या लग्नाला हा धोका कशाला घ्यायचा? शिवाय करवली म्हणजे नवरीच्या मागे उभी राहणार, अंतरपाटाच्या वेळी, सप्तपदीच्या वेळी, होमाचा धूर आणि धग समोर. मी स्वतः करवली होते तेव्हा होमापाशी बसून चेहऱ्यावरचं सगळं वितळलं होतं.

अबोली

@कोकणकडा राग कसला, दमट हवेत मी पण तेच करेन. नाशिकची हवा मुंबई-मालवणपेक्षा कोरडी असते, तिथे टिकेल, पण होमाचा मुद्दा अगदी बरोबर आहे. गोदाकाठ, हातात टिश्यू ठेव, घाम आला की टिपायचा, पुसायचा नाही. एकदा घासलंस की त्या जागचा कॉन्टूर गेला आणि एका बाजूलाच राहिला तर ते जास्त वाईट दिसतं.

आणि नथ घालणारेस ना, त्यावरून आठवलं. चापाची असेल तर नाकपुडीवर क्रीमचं काहीही लावू नकोस, तिथे गुळगुळीत झालं की चाप घसरतो आणि दिवसभर तू नथ सावरत बसशील. नाकाचं कॉन्टूर तर सोडूनच दे. नथ डाव्या बाजूला असते, मोत्यांची, तिची स्वतःची सावली पडते आणि बघणाऱ्याची नजर आधी नथीवरच जाते, त्या शेजारी नाकाच्या दोन रेघा म्हणजे गर्दी.

नवरीला मी कायम सांगते की मुंडावळ्या बांधल्या की कपाळाची आणि कानशिलाची कडा तशीही झाकली जाते आणि दोन्ही बाजूंनी मोत्यांच्या सरी गालावरून खाली सुटतात. त्या दोन उभ्या सरीच गोल चेहऱ्याला लांब करतात, कुठल्याही ब्रशपेक्षा सुंदर. तुझ्या बहिणीचा चेहरा पण गोल असेल तर तिच्या आर्टिस्टला सांग की ट्रायल मुंडावळ्या बांधून घ्या. बऱ्याच जणी ट्रायल नुसत्या चेहऱ्यावर घेतात आणि लग्नाच्या दिवशी कपाळावर केलेलं अर्धं काम मोत्यांखाली जातं.

अजून दोन गोष्टी. हळद आदल्या दिवशी आहे का? असेल तर तूही माखणारच. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून रात्री आधी खोबरेल तेलाने चेहरा पुसून काढ आणि मग धू, नाहीतर सकाळी पिवळ्या त्वचेवर फाउंडेशन लावशील आणि शेड का जुळत नाही ते कळणार नाही. आणि सनस्क्रीन पांढरा थर सोडणारं असेल, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं, तर फोटोग्राफरच्या फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा आणि मान सावळी येते. आधी फ्लॅश टाकून एक फोटो काढून बघ.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, मी इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलंच नव्हतं. काल रविवार होता, सगळं करून बघितलं, ते सांगते.

भावाकडून फोटो काढून घेतला, लांबून, खिडकीपाशी. लॅपटॉपवर उघडून पट्टी लावली. लांबी ९.३ आली, गालांपाशी ७.२, आणि जबड्यापाशी ६.९! म्हणजे गाल आणि जबडा जवळजवळ सारखेच. मग जबड्याचा कोपरा चाचपला तर हाताला चक्क हाड लागलं, इतकी वर्षं मी स्वतःला गोल समजत होते. कपाळ ६.६. म्हणजे चौकोनी ना अबोलीताई?

शेडसाठी साताऱ्याची लेक म्हणाली तशी मानेवरची सावली बघितली आणि पॅलेटमधली सगळ्यात गडद चॉकलेटी शेड जुळली, पार्लरवालीने वापरली होती ती दुसरीच, राखाडी. आधी एका गालावर पार्लरसारखं केलं आणि दुसऱ्या गालावर तुम्ही सांगितलंत तसं, हाडाच्या खालच्या कडेवर, डोळ्याच्या रेघेच्या आधी थांबून, आणि जबड्याच्या कोपऱ्यावर थोडं मानेपर्यंत. मग अंगणात गेले आणि भावाला विचारलं. त्याला मेकअपमधलं ओ की ठो कळत नाही पण तो म्हणाला या बाजूने तू आजारी दिसतेस आणि या बाजूने नेहमीसारखी दिसतेस, पण बरी. रंगपेटी दादा, ते म्हाताऱ्याचं वाचून मला आधी हसू आलं होतं, पण आरशात एकेक गाल हाताने झाकून बघितल्यावर पटलं.

एकच अडचण, जबड्याच्या कोपऱ्यावर क्रीम लावताना स्पंजने थापलं की ते खालच्या फाउंडेशनसकट उचललं जातंय, चकत्या पडतात. काय चुकतंय?

अबोली

हो, चौकोनी, आणि छान चौकोनी, फोटोत असे जबडे फार सुंदर येतात, म्हणून कोपरे पूर्ण पुसून टाकू नकोस, फक्त धार काढ.

चकत्या पडतायत म्हणजे एकतर खालचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन मुरायच्या आधीच फाउंडेशन लावलंस, दहा मिनिटं थांब, किंवा स्पंज कोरडा आहे. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून टॉवेलमध्ये घट्ट पिळायचा, हाताला ओला लागता कामा नये पण फुगलेला पाहिजे. आणि क्रीम डायरेक्ट चेहऱ्यावर नको, आधी हाताच्या मागच्या बाजूला घे, तिथे स्पंज टेकव आणि मग चेहऱ्यावर. एकदम कमी येतं.

साताऱ्याची_लेक

आणि आदल्या दिवशी काही नवीन लावून बघू नकोस, पॅलेट नवीन आहे ना, कानामागे लावून दोन दिवस बघ काही येतंय का. मला एकदा पुरळ आलं होतं ऐन साखरपुड्याला.

गोदाकाठ

कानामागे लावून बघितलं, काही नाही आलं. स्पंज पिळून घेतल्यावर चकत्या बंद झाल्या, दहा मिनिटं थांबायचं तेच चुकत होतं माझं, घाईत एकावर एक लावत होते. बहिणीच्या आर्टिस्टला पण फोन केला मुंडावळ्यांचं, ती म्हणाली आणून ठेवा, ट्रायलला बांधू.

आज सकाळी सगळं पूर्ण करून, नथ घालून, बरोबर साडेबारा वाजता अंगणात आईसमोर जाऊन उभी राहिले, काहीच न सांगता. आईने नीट निरखून बघितलं आणि म्हणाली "काल झोप चांगली झाली वाटतं तुझी."